कन्नडमधून शिकलेलं स्टॅटिस्टिक्स

“हे इंटरनेटवरून उचललंय,” पुण्याहून आलेले एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, प्रोजेक्ट रिपोर्ट मिटत म्हणाले. व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, चालू होती. समोर कर्नाटक सीमेजवळच्या मैंदर्गीची शिवलीला उभी. एमएस्सीचं शेवटचं वर्ष. मी तिचा शिक्षक, म्हणून इंटर्नल. ती नापास झाली तर घरचे तिला पुन्हा सोलापूरला पाठवणार नव्हते, हे मला ठाऊक होतं.

मुद्दा रेसिड्युअलचा होता. कांद्याची आवक आणि भाव यांच्या ठिपक्यांतून आपण एक सरळ रेषा काढतो. रेषेने सांगितलेला भाव आणि बाजारातला खरा भाव यांतला फरक म्हणजे रेसिड्युअल. शिवलीलाने या फरकांचा वेगळा आलेख काढून ती रेषाच नाकारली होती. हे आम्ही वर्गात शिकवलं नव्हतं.

“का नाकारली?” एक्स्टर्नलनी विचारलं.

ती इंग्रजीत अडखळली. मग मराठीतही.

“कुठं शिकलीस हे?” मी विचारलं.

“मोबाइलवर, सर.” मग खाली बघत, “कन्नड चॅनेल हाय.”

“कन्नडदाग हेळव्वा,” मी म्हटलं. कन्नडमध्ये सांग.

माझी पत्नी अक्कलकोटची, घरी कन्नड बोलणारी होती. ती गेल्यापासून ही भाषा माझ्या तोंडी आली नव्हती.

एक्स्टर्नल हसले. “भाषांतर तुम्ही करणार? मग मार्कही तुम्हालाच द्यावे लागतील, सर.”

त्यांचं म्हणणं रास्त होतं. त्यांनी कागदावर फरकांचा नवाच आलेख काढला आणि तिच्यापुढे सरकवला. “इथे रेषा ठेवायची की टाकायची?”

शिवलीला भराभर कन्नड बोलू लागली. माझं कन्नड स्वयंपाकघरापुरतं. जमेल तसं मी सांगितलं, “फरक विखुरलेत, म्हणून रेषा टाकायची.”

“न्हाय की, सर!” ती एकदम मराठीत म्हणाली. “उलटं सांगताय तुमी. विखुरले तर रेषा बरी. माज्या कांद्यात फरकांची कमान झालती, म्हणून टाकली. हितं कमान कुटं हाय? ही ठेवायची.”

एक्स्टर्नलनी पेन उचललं. “बस, कळलं,” ते म्हणाले आणि मार्क लिहिले. ती पास झाली.

व्हरांड्यात ती धीटपणे म्हणाली, “सर, तुमचं कन्नड लई मोडकं हाय. कुणी शिकवलं?”

“घरी. मिसेसनी.”

“मग त्यांना म्हणावं, अजून शिकवा.”

“बरं,” मी म्हटलं.

मोबाइलवर काय पाहिलं, हे आम्ही मुलांना नेहमी विचारायचो. कुठल्या भाषेत ऐकलं, हे विचारत नव्हतो. आता व्हायव्हाला तोच माझा पहिला प्रश्न असतो. उत्तर देण्याआधी मुलं एक्स्टर्नलकडे बघून घेतात.