खेकड्याच्या पातेल्यातले दगड

ग्लेनिस हॉडरला किड्यांची किळस कधी आली नाही. हातभर लांबीचा, काटेरी, बुळबुळीत समुद्री किडा तिच्यापुढे टाका, ती चष्मा सावरून त्याच्याकडे तासभर बघत बसेल. किळस यायची ती माणसांची. टाउन्सव्हिल शहरातल्या प्रवाळ-टाकी मंडळात दर रविवारी सकाळी ती तिला पोटभर मिळायची.

मंडळातल्या प्रत्येकाच्या घरी काचेची टाकी. तिच्यात खारं पाणी, समुद्रातले दगड, त्यांवर जिवंत पोवळी. दगडाच्या भोकांतून न बोलावलेले पाहुणेही घरात येतात. महिन्याभराने त्यांतला एखादा डोकं बाहेर काढतो आणि सहा फुटी गड्याची बोबडी वळते. मग तो पाहुणा आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यातून ग्लेनिसपुढे यायचा, 'हे काय आहे सांग' म्हणून. बहुतेक वेळा मारूनच. कुणी पकडीने चिरडलेला, कुणी संडासात सोडून परत काढलेला. एका शहाण्याने तर त्यावर मीठ चोळलं होतं. खाऱ्या पाण्यातल्या जिवाला मीठ.

"आधी मारायचं आणि मग नाव विचारायचं," ग्लेनिस म्हणायची. "तुमची अक्कल पण अशीच डब्यात घालून आणा. बघते कुठल्या जातीची आहे."

शिक्षण म्हणाल तर दहावीपर्यंत. पुढे बारा वर्षं तिने कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतली. साहेब लोक बोलायचे ते कानांत साठवलं, त्यांनी टाकलेली फाटकी पुस्तकं घरी नेली, स्वयंपाकघराच्या टेबलावर भिंग घेऊन बसली. कुणी शिकवलं नाही, म्हणून कुणाचं ऐकून घ्यायची सवयही लागली नाही. तिचा नियम एकच. नाव कळेपर्यंत बोट लावायचं नाही. काय खातो, कधी बाहेर येतो, सावली पडली की मिटतो का, ते आधी बघायचं.

त्या रविवारी ट्रेव्हर पिकरिंग डबा घेऊन आला. नळदुरुस्तीचं काम करणारा, पन्नाशीचा, गळ्यापर्यंत उन्हाने भाजलेला माणूस. डब्याचं झाकण उघडलं तशी पहिल्या रांगेतली माणसं मागे सरकली. कुजक्या शिंपल्यांचा वास, आणि तळाशी तपकिरी, शेंबडासारख्या चिकट थरात रुतलेली बटणांएवढी गोल, मऊ तोंडं. एकाला एक चिकटलेली, मिटलेली.

"सगळे दगड व्यापलेत यांनी," ट्रेव्हर म्हणाला. "पोवळी गुदमरून मरतायत. बघूनच ओकारी येते."

ग्लेनिसने हातमोजे चढवले, भिंग लावलं आणि एकेक तोंड तपासलं.

"बटण-पोवळी आहेत, नुसती बटणंही म्हणतात यांना. कुठली ते बुधवारी सांगते. यांच्यातल्या काहींच्या अंगात असं विष असतं की माणूस आडवा होईल. तोवर हात लावू नकोस, घासू नकोस. आणि उकळायचं तर मनातही आणू नकोस."

"उकळल्यावर कसलं विष राहतंय? माझ्या आज्यापासून आम्ही चिखलातले खेकडे उकळतोय. समुद्रातून आलेलं काहीही पातेल्यात टाकलं की साफ होतं."

इथे एक शांत वाक्य पुरलं असतं. उकळून हे विष मरत नाही, वाफेबरोबर छातीत जातं, एवढंच. पण तो डबा, तो वास आणि वर त्याचं ते छद्मी हसू. ग्लेनिसची जीभ सुटली.

"तुझ्या आज्याने खेकडे उकळले आणि तुझ्या बापाने तुझा मेंदू," ती म्हणाली. "जा, मित्रा, गटारं उपस. तिथे तुला सगळे प्राणी ओळखीचे भेटतील."

अख्खा हॉल हसला. ट्रेव्हरचे कान लाल झाले. त्याने डब्याला झाकण लावलं आणि चालता झाला.

दुपारी मंडळाची चिटणीस नोला हिचा फोन आला. "ट्रेव्हरने ग्रुपवर फोटो टाकलाय. खेकड्याचं मोठं पातेलं, पाण्यात दगड. खाली लिहिलंय, पंडित बाईसाठी रस्सा."

ग्लेनिसने फोटो उघडला. मागे काचेच्या पट्ट्यांची खिडकी होती, बंद. व्हरांड्यात वाऱ्याने शेगडी विझत असणार, म्हणून त्याने पातेलं स्वयंपाकघरात नेलेलं. आणि स्वयंपाकघराच्या पलीकडच्या खोलीत ट्रेव्हरची आई असायची. मर्ल, ऐंशी पार केलेली, फुप्फुसं कामातून गेलेली, नाकाला प्राणवायूची नळी.

ग्लेनिसने ट्रेव्हरला तीनदा फोन लावला, त्याने तीनदा कापला. मग गाडी काढली. घर दहा मिनिटांवर. त्या दहा मिनिटांत ती त्याला तोंडातल्या तोंडात जे जे बोलली ते छापण्यासारखं नाही.

ट्रेव्हर जाळीच्या दारात हात आडवा घालून उभा राहिला. "बुधवारी सांगणार होतीस ना?"

"गॅस बंद कर."

"माझं घर, माझा गॅस."

आतून झाकणाचा खडखडाट ऐकू येत होता. घशाशी येणारा, गोडसर, सडका वास जाळीतून बाहेर पडत होता. ग्लेनिसच्या ओठांवर शिवी तयार होती, चांगली धार लावलेली. पलीकडे मर्ल खोकली. तेव्हा ग्लेनिसला उमगलं की आपण जितकं ओरडू तितका हा दारात घट्ट होईल. याला दगडांचं काही पडलेलं नाही. याला चार माणसांत झालेला अपमान उकळून काढायचाय, आणि त्या पातेल्याखालचा जाळ निम्मा आपलाच आहे.

तिने शिवी गिळली. कच्चं कालव घशाखाली ढकलावं तशी ती उतरली.

"सकाळी मी बोलले ते घाणेरडं होतं," ती म्हणाली. "तू विचारायला आला होतास. सरळ सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

"आणि हे सगळ्यांसमोर म्हणशील?"

"पुढच्या रविवारी. उभी राहून. गॅस बंद कर, झाकण उचलू नकोस, मर्लला बाहेर काढ."

तो तिच्याकडे बघत राहिला. खोटेपणा शोधत असेल. मग आत गेला. गॅस बंद झाल्याची टिक तिने ऐकली, मग चाकांच्या खुर्चीचा आवाज. ती धावली, दुसरा हात लावला. दोघांनी मिळून म्हातारीला मागच्या अंगणात आंब्याखाली नेलं. ग्लेनिसने अँब्युलन्सला फोन केला.

"तोंडाला चव कशी लागतेय?" तिने ट्रेव्हरला विचारलं.

तो पायरीवर बसला होता, उन्हात, आणि कुडकुडत होता. "नाणं चघळल्यासारखी. दगड ब्रशने घासले तेव्हापासून. मला वाटलं, जेवण बाधलं."

"ट्रेव्हर," मर्ल दम घेत म्हणाली, "तुला लहानपणीच सांगितलं होतं. बाई ओरडून काही सांगतेय म्हणजे ऐकावं."

"ओरडली म्हणूनच ऐकलं नाही, आई."

दोघांना इस्पितळात ठेवून घेतलं. ट्रेव्हर दोन दिवसांत सुटला. मर्लला तोंडावर प्राणवायूचा मास्क लावून आठवडा काढावा लागला. डॉक्टरला त्या बटणांचं नाव हवं होतं. ते ग्लेनिसने मंगळवारीच कागदावर लिहून दिलं, एक दिवस आधी.

रविवारी ती मंडळात उभी राहिली. विष काय असतं, वाफ काय करते, हे तिने आधी सांगितलं, आवाज न चढवता. मग म्हणाली, "ट्रेव्हरने प्रश्न विचारला आणि मी त्याची टवाळी केली. माझी चूक होती." कुणी हसलं नाही. ट्रेव्हरने मान हलवली, आभार मानले नाहीत. माफीचे ते शब्द ग्लेनिसच्या टाळूला त्या तपकिरी थरासारखे चिकटून बसले होते. बरोबर ती होती आणि माफीही तिनेच मागायची, या न्यायाची तिला शिसारी आली होती. हॉलबाहेर जाऊन ती गवतात थुंकली, दोनदा.

मर्लला त्या दिवशी सकाळीच घरी सोडलं होतं.