पायताणे आडनावाची घरं

पाटलांचं पायताण माझ्या डोक्यावर आणि पाटील देवळात. चैत्रातली दुपार. आम्हाला देवळाची पायरी चढायची मुभा नव्हती, म्हणून मी बाहेर उन्हात उभी. ते येईपर्यंत पायताण भुईला टेकवायचं नाही, ही रीत. बाप लढाईला पलटणीत गेलेला. घरात दुसरा पुरुष नाही, म्हणून काम माझ्यावर आलं. बारा वर्षांची होते. चौथी पास.

पाटील सांगलीच्या पाहुण्याला घेऊन बाहेर आले.

"ही कोण?" पाहुण्यानं विचारलं.

"पायताणे."

"असलं आडनाव कुठलं हो?"

"आमच्या पायातलं. म्हसवडकडं दुसरं घर गावायचं न्हाई. लय दुर्मीळ चीज हाय."

दोघं हसले. पाटलांनी पाय पुढं केला. "घाल गं."

घालायचं काम आमच्याकडं कधीच नव्हतं. फक्त धरायचं. मी पायताण उतरवलं, त्यांच्यापासून हातभर लांब धुळीत ठेवलं आणि निघाले. मागनं हाक आली. थांबले नाही.

दुसऱ्या दिवसापासून आईला कुणाच्या शेतावर काम मिळेना. आईनं मला मारलं. मग दमून बसली आणि सांगितलं. आधी आम्हाला आडनावच नव्हतं. कुणा जुन्या पाटलानं हे काम लावलं, गाव कामावरनं हाक मारू लागलं, शाळेत मास्तरनं तेच घातलं. म्हसवडजवळ आमचं एक घर. कवठे महांकाळला चुलत्यांची दोन. पलूसकडं पोट भरायला आमच्यातले बरेच गेले, पण तिथं पायताणे एकही नाही.

का नाही, ते माझ्याच सोयरिकीत कळलं. लढाई संपून बाप परत आला होता. पलूसकडचं स्थळ आलं. आडनाव वेगळं, त्यामुळे देवक आधी कुणी विचारलंच नाही. सुपारी फोडायला बसले तेव्हा विचारलं. एकच निघालं. म्हणजे भाऊबंद.

मुलाचा बाप खाली बघत म्हणाला, "आमीबी पायताणेच. तिकडं गेल्यावर टाकलं नाव. कुटं बोलू नका, दादा."

माझं लग्न भावाशीच लागणार होतं.

ते गेल्यावर बाप म्हणाला, "आपुनबी बदलू. तुला बरं पडंल."

"आबा, पायताण त्यांचं. मग लाज आपली कशी? मी न्हाई बदलत."

"लग्न झाल्यावर बदलंलच की."

"तवाबी न्हाई."

त्यापायी दोन स्थळं गेली. तिसऱ्याला मीच आधी सांगितलं, नाव न्हाई बदलणार, पटत असंल तर हो म्हणा. तो हो म्हणाला.

आता म्हातारी झाले. लोक अजून आडनाव ऐकून हसतात. दमायला होतं. तरी मी नाव सांगते, आणि ते कुणी लावलं तेही सांगते. त्यात पाटलांचं घराणं येतं. येऊ दे. मरेपर्यंत सांगणार. ऐकीव नाही हे. माझ्यावर गुदरलंय.