सत्तावीस नंबरचा खडा

दगडाच्या नमुन्यावर नंबर लिहायला आधी पांढऱ्या ऑइलपेंटचा ठिपका देतात. त्या रंगाचा वास आला की मला घरची एक दुपार आठवते. वडील गेल्याचा निरोप मला लेहच्या एसटीडी बूथवर मिळाला होता. ठाणाकुशनूरजवळच्या आमच्या गावी पोचलो तो पाचव्या दिवशी. अग्नी थोरल्या भावानं दिला होता. नवव्या दिवशी काहीच सुचेना, म्हणून सोप्यात बसून लडाखातून आणलेल्या दगडांना नंबर घालत होतो. भावानं अंगणातल्या कोनाड्यातला जीवखडा आणून दिला, वडील समजून आम्ही ज्याला रोज पाणी घालत होतो तो. "उद्या नदीत सोडायचाय, नीट ठेव," म्हणाला. माझ्या हातानं त्यालाही ठिपका दिला आणि वाळल्यावर वर सत्तावीस लिहिलं. "कामून रंगवायलास रं त्याला?" आत्यानं विचारलं. चूक झाली म्हणायचं सोडून मी तिला बाकीचे दगड समजावायला लागलो: दोन खंडांमधल्या समुद्राचा तळ एका खंडाखाली घुसला, त्याच्यातल्या पाण्यानं प्रावरण, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालचा थर, वितळलं, तो रस वर येऊन थिजला, त्याचे हे दगड. तिनं सगळं ऐकून घेतलं. "रडलास का रं?" "न्हाई." ती उठून आत गेली. रंग नखानं निघेना. दुसऱ्या दिवशी भावानं खडा मांजरा नदीत सोडला, तेव्हा पांढरा ठिपका पाण्यात खाली जाताना थोडा वेळ दिसत राहिला. त्या दगडांच्या नोंदींची वही अजून माझ्याकडं आहे. प्रत्येक नंबरापुढं तो दगड कशातून, किती खोलातून आला ते लिहिलंय. सत्तावीसपुढं काही लिहिलेलं नाही, आणि तो नंबर मी दुसऱ्या कुठल्या दगडाला दिलाही नाही.