पुलाखालची खूण

आमच्या गावात एक गोष्ट सांगतात. निजामीत देशमुखाच्या कारभाऱ्यानं एका विधवेचं लाकूड लाटलं, बागेतल्या पुलात घातलं, आणि गावच्या सुतारानं भर दिवसा पहार लावून ते उपटून तिला परत दिलं. तो सुतार मी. गोष्ट खोटी आहे. लाकूड मी चोरलं होतं.

हे मी लिहू नये असं घरच्यांचं म्हणणं. थोरला म्हणतो, "बाबा, चार गावं तुमचं नाव घेतात. तुमालाच काय खाज सुटली?" सुटली आहे. पंचवीस वर्षं दाबून ठेवली, आता खाजवणार. ज्याला बघवत नाही त्यानं तोंड फिरवावं.

गावाखाली एक तळं होतं. बाभळीचं ओलं लाकूड आम्ही लगेच कामाला घेत नाही, एक पावसाळा पाण्यात मुरवतो. मग त्याला भुंगा लागत नाही आणि ते तडकतही नाही. शेतकरी आपापली बाभूळ आणून त्या तळ्यात बुडवायचे, आणि माझा बाप प्रत्येक लाकडावर पटाशीनं मालकाची खूण कोरायचा. चांगली बोटभर खोल. कुणाची कुठली, ते त्या मालकाला आणि आमच्या घरालाच ठाऊक. लाकूड बाहेर काढलं की मालकानं समोर उभं राहून खुणेवर हात ठेवायचा, तेव्हा कुठं सुतारानं ती तासायची. मालक समोर नसेल तर खुणेला रंधा लावायचा नाही. आमच्या घरात हे जेवायच्या आधी हात धुण्यासारखं होतं.

त्या विधवेची खूण म्हणजे दोन आडव्या रेघा आणि मध्ये एक टिंब. नवरा तापानं गेला तेव्हा ती तिशीचीही नव्हती. तिच्या बांधावरची बाभूळ सरळसोट होती. आमच्या मुलखात सरळ बाभूळ आणि सरळ पटवारी शोधून सापडत नाहीत. ते खोड मधोमध चिरून तिला गाडीच्या दोन लांब दांड्या करायच्या होत्या. दरसाल तिचा कापूस दिराच्या गाडीतून जिंतूरला जायचा, आणि दरसाल दीर वावराबद्दल बोलताना 'माझं' म्हणायला लागला होता. खोड बुडवलं त्या दिवशी ती मला म्हणाली, "गाडी माजी झाली ना भावजी, तर वावर बी माजंच ऱ्हाईल."

हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी ते केलं.

देशमुखानं हैदराबादेत कुठल्याशा बागेत पाण्यावरची बंगली पाहिली आणि आपली बाग वाढवून तळं आत घेतलं. लोकांची लाकडं मात्र तशीच राहू दिली, ती ज्यानं त्यानं सवडीनं न्यावीत म्हणाला. तळ्याच्या मधोमध चार खांबांची, कवलारू छपराची बंगली, बसायला तिन्ही बाजूंनी बाक, आणि काठापासून तिथवर सागाच्या फळ्यांचा पूल असं काम होतं. दसऱ्याआधी जिल्ह्याचे तालुकदारसाहेब जेवायला येणार होते, तोवर उभं राहायला हवं. बापाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून काम माझ्याकडं आलं. चोवीस वर्षांचा होतो. त्याआधी नांगर, तिफणी आणि दारं याशिवाय काही केलं नव्हतं.

मी वैशाखात माप घेतलं. बाप बाजेवरून म्हणाला, "काळ्या मातीचा काठ हाय. दोन पाऊस पिऊन बसू दे, मग दोरी लाव." मला वाटलं, दिसत नाही म्हणून म्हातारा बोलायलाय. काठ दगडासारखा टणक होता. दोरी लावली, माप दिलं, किनवटकडच्या जंगलातून तेवढ्या मापाच्या तुळया गाड्यांनी आल्या.

बंगली देखणी झाली. हे मी आजही छाती काढून सांगतो. खांब ओळंब्यात होते, छपराचा उतार असा की पागोळ्या सरळ पाण्यात पडायच्या. त्या कामाची मला लाज नाही. लाज पुलाची आहे.

पाऊस झाला, काठ फुगला आणि एका कोपऱ्यात ढासळून हातभर मागं सरकला. पुलाखालच्या दोन तुळयांपैकी एक अधांतरी राहिली. कारभारी रोज छत्री घेऊन यायचा, जिभेचा तिखट माणूस. म्हणाला, "काय सुतारा, पूल करायलास का पाळणा?" मजूर हसले. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की माप चुकलं, दुसरी तुळई मागवा. आठवड्यात आली असती. मालक ओरडला असता, संपलं असतं. पण पहिलंच मोठं काम, आणि त्या माणसापुढं 'चुकलं' म्हणायला माझी जीभ उचलेना.

दुपारी मजूर भाकरी खायला गेले तेव्हा मी बैल जुंपून तिचं खोड पाण्यातून ओढलं. लांबी अगदी मागवून घेतल्यासारखी. वरची बाजू फळ्यांसाठी तासली, दोन्ही कडा केल्या. खालच्या बाजूला खूण होती. रंधा तिथवर नेला आणि हात थांबला. मालकीण समोर नव्हती. चोरी केली होती, पण खूण तासायला हात धजेना. खूण पाण्याकडं करून तुळई बसवली, वर फळ्या ठोकल्या. खाली वाकून कोण बघणार होतं?

तीच बघणार होती. तळ्यातलं शेवाळ काढायला बाया लावल्या, त्यात ती होती. कमरेइतक्या पाण्यात पुलाखाली गेली, शेवाळ बाजूला झालं, पाणी निवळलं, आणि पाण्यात दोन रेघा आणि टिंब. आधी पाण्यात बघितलं, मग मान वर करून. ओल्या लुगड्यानं वर आली आणि पुलाच्या मधोमध मांडी घालून बसली.

कारभारी धावत आला. "ए बाई, ऊठ! फळ्या खराब होतील."

"फळ्या तुमच्या. खालचं लाकूड माजं हाय. मी माज्या लाकडावर बसले."

"वेड लागलं का तुला?"

"लागलं तर लागलं. वेड बी माजंच हाय."

शेवाळ काढणाऱ्या बाया फिदीफिदी हसल्या. कारभाऱ्यानं दोन गडी बोलावले, पण विधवेच्या अंगाला हात कोण लावणार? ते आपले पागोटं सारखं करत उभे राहिले.

तीन दिवस ती दिवस उगवताना यायची, भाकरी-ठेच्याचं फडकं शेजारी ठेवायची आणि दिवस मावळल्यावर उठायची. देशमुखानं निरोप पाठवला, त्याच्या बदल्यात सागाची तुळई घे. म्हणाली, "साग तुमच्या दारात शोभतो. मला माजी बाभूळ द्या." सगळं गाव तिच्या बाजूनं झालं. लोक म्हणायला लागले, कारभाऱ्यानंच लाकूड लाटलं. मी ऐकत होतो. गप्प होतो.

तिसऱ्या दिवशी मी बंगलीचा बाक घासत होतो. पूल ओलांडायचा तर तिच्याजवळूनच जावं लागे. ती खाली बघत हळू आवाजात म्हणाली, "भावजी, कारभाऱ्याला आमच्या खुणा वळखू येतात व्हय?"

मी थांबलो.

"त्यानं लाकूड घेतलं असतं तर खूण कवाच तासली असती. ही खूण राखणारा हात सुताराचा हाय." मग माझ्याकडं बघितलं. "तुमीच काढा आता. आन् काढताना खरं सांगा."

अर्धं ऐकलं मी तिचं. पहार आणली, फळ्या उचकटल्या. काठावर गाव जमलं, देशमुख स्वतः आला, कारभारी मध्ये पडला. तेव्हा त्याच्याकडं बघून माझ्या तोंडून शब्द निघाले, ते आजही कानात आहेत: "गरिबाचं लाकूड घालायला लावलंत ना मला? घ्या आता!"

गावानं आरोळी ठोकली. अख्खं गाव एकीकडं असताना कारभाऱ्याचं कोण ऐकणार? देशमुखानं मला दोन थपडा दिल्या, एक दिवस चावडीत बसवलं, आणि कारभाऱ्याला त्याच आठवड्यात काढून टाकलं. तो बायकापोरांसह सोनपेठला गेला. तालुकदारसाहेबांना बंगली काठावरूनच दाखवली म्हणे.

गाडी मी करून दिली. खूण तासायच्या आधी तिनं हात ठेवला, पण माझ्याशी बोलली नाही. दिराच्या दारात ती पुन्हा उभी राहिली नाही, वावर तिचंच राहिलं. तिनं जे मागितलं ते लढून घेतलं. माझं बंड मात्र उसनं होतं, तिच्या मांडीखालचं.

यंदा शाळेचे मास्तर आले. पंधरा ऑगस्टला माझा सत्कार करायचं म्हणाले. मी तिच्याकडं गेलो. केस पिकलेत, गाडी अजून दारात आहे. म्हटलं, "वैनी, सांगून टाकतो."

"मला काय सांगता? मला ठाव हाय. ज्याची भाकर गेली त्याला सांगा."

एसटीनं सोनपेठला गेलो. कारभारी बाजेवर बसला होता, छत्री भिंतीला टेकलेली. सगळं ऐकून घेतलं. शिवी दिली नाही. विचारलं, "माप कितीनं चुकलं होतं?"

"हातभर."

त्यानं आपला हात लांब केला, कोपरापासून बोटांपर्यंत बघितला. "एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

"पाळणा म्हणालो म्हणून?"

मी मान डोलावली. मग म्हणाला, "इथं येऊन सांगायला काय जातं रे? इथं तुला कोण ओळखतं? जिथं ओरडला होतास तिथं सांग."

म्हणून हे लिहिलं. सत्काराला मी जाणार आहे. हार घालून घेणार नाही. काठावर जमलं होतं तेवढं गाव समोर बसवून हेच कागद वाचणार. थोरल्याला यायचं नसेल तर न येवो. ती येते म्हणालीय, गाडी जुंपून.