गव्हाणीपाशी

नवी घोडी आणून अडीच महिने झाले आणि तिच्या पोटातल्या अल्सरचं दुखणं तिसऱ्यांदा उलटलं. चूक आमचीच. ती जरा बरी दिसली, की आम्ही खूश होऊन खोगीर चढवायचो आणि चारा पुन्हा दोन वेळांवर आणायचो. डॉक्टरांनी तर बजावलं होतं, पोट रिकामं राहू द्यायचं नाही, समोर सतत गवत हवं.

आता गवत सतत असतं. मीही सतत असते. गव्हाणीत किती उरलं, दुखतंय म्हणून ती मान वळवून पोटाकडे बघते का, हे पाहायला तासातासाला तबेल्यात येते. आजही आले. तिनं तोंडातला घास तसाच धरला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"ताई, तुम्ही आलात की ती चावायची थांबते," घोड्यांची निगा राखणारे रघूमामा म्हणाले.

"मी काय करते तिला?"

"तुम्ही आलात म्हणजे औषध, नाहीतर खोगीर. तिला काय माहीत, आज नुसतं बघायला आलाय?"

काळजी करणाऱ्याला ती माया वाटते. ज्याची केली जाते, त्याला बहुधा त्या काळजीची पावलंच ऐकू येतात. लहानपणी तापात आई सारखी कपाळाला हात लावून बघायची, आणि तिनं जावं म्हणून मी झोपेचं सोंग घ्यायचे.

मी बाहेर पडले आणि भिंतीमागे थांबले. बराच वेळ काहीच नाही. मग गवत चावल्याचा कुरुमकुरुम आवाज सुरू झाला. किती खातेय बघावं, म्हणून मी पाऊल उचललं.

आवाज थांबला.