मास्तरांच्या समोरचं स्टूल

मास्तर गेल्याचं मला पंधरा दिवसांनी कळलं. तेही जयसिंगपूरच्या एसटी स्टँडवर, एका जुन्या मैत्रिणीकडून. "अगं, तुला ठावं न्हाय व्हय?" ती म्हणाली. नव्हतं ठाऊक. कळवणार कोण? दस्तगीर मास्तरांना ना बायको उरली होती, ना मूलबाळ.

राजारामपुरीत त्यांचा टायपिंगचा क्लास होता. सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. मी नुकती बी.ए. झालेली, दोन मुलाखतींत आपटलेली. वडिलांनी बजावलं होतं, "ह्या खेपंला न्हाय जमलं, तर लगीन." मास्तर टायपिंगबरोबर मुलाखतीचीही तयारी करून घेत. ते साहेब होऊन खुर्चीत, आम्ही समोर स्टुलावर. मी मोठी शहाणी! येवो न येवो, प्रत्येक प्रश्नाला ठोकून द्यायची. एकदा त्यांनी विचारलं, "फायली लावता येत्यात?" "येतात की!" त्यांनी कागदांचा गठ्ठाच पुढ्यात टाकला. "लाव." मी कागद नुसतेच वरखाली करत बसले.

"पोरी, येत न्हाय म्हणायला काय धाड भरलीया? पदवीवाली ढिगानं येत्यात. साहेबाला शिकणारं माणूस पायजे असतंय."

मलकापूरच्या कचेरीत मुलाखतीला साहेबांनी आवक-जावक रजिस्टरचं विचारलं. थाप अगदी ओठांवर आली होती... पण मी म्हणाले, "येत नाही. दाखवलंत तर शिकेन." नोकरी लागली.

मास्तरांची एक रीत होती. नोकरी लागली की पेढे आणायचे नाहीत. येऊन त्यांच्या खुर्चीत बसायचं, ते स्टुलावर बसणार, आणि आपण त्यांना प्रश्न विचारायचे. मी कार्ड टाकलं, "रविवारी येते." मग नवी नोकरी, लग्न, मुलं... कारणांना काय तोटा! मलकापूर काही विलायतेत नाही. तरी बारा-तेरा वर्षं माझा पाय क्लासकडं वळला नाही. लाज वाटते आता.

परवा मी क्लासवर गेले. शेजारच्या शिंप्यानं कुलूप काढून दिलं. माझ्याकडं निरखून बघत म्हणाला, "मलकापूरच्या बाई तुमीच व्हय? तुमचं कार्ड आल्यावर मास्तर कैक रविवार त्या स्टुलावर बसायचं. खुर्ची मोकळी ठिवून."

तो गेल्यावर मी खुर्चीत बसले. समोर स्टूल. ते नेहमी विचारायचे तो पहिला प्रश्न मी मोठ्यानं विचारला, "नाव काय आपलं?"

पुढं काय विचारायचं, ते मला येत नव्हतं. आणि शिकवायला समोर कोणी नव्हतं.