काकांच्या पट्टीचा सांधा

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीनंतर मला त्यावरून कुणी ओरडलंच नाही. तेवढं सांभाळून घ्या. पण वरच्या मजल्यावरच्या काकांइतका हट्टी माणूस सबंध विरारात नाही, हे कुठंतरी लिहून ठेवायला हवं. सातिवलीच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर वायरी जोडल्या आणि रिटायर झाल्यावर फुलपाड्याच्या आमच्या इमारतीत एका रबराच्या पट्टीशी वैर धरलं. अर्धांगाने काकूंची वाचा गेली होती, एकच बोट हलायचं. त्या बोटावर वीज वाहणारी पट्टी बसवायची, बोट वाकलं की घंटी वाजली पाहिजे, म्हणजे तिला तहान लागली तर कळेल, एवढंच त्यांचं म्हणणं. पण पट्टी ताणायची आणि तांब्याची तार ताठच राहायची. दोघी जिथं भेटत तिथंच तुटत. काका गोंद वाढवत. मग गोंद दगड होई आणि पट्टी त्याच्या कडेला तुटे. मी फोडणी टाकत असले तरी खाली येऊन ते माझ्या बोटाला पट्टी बांधत. "वाकव गं पोरी. लाजतेस काय, बोटच तर आहे!" एकदा भाजीवाल्याने मला तसं बघितलं, तर मी कितीतरी दिवस मेथीच घेतली नाही.

एका दुपारी म्हणाले, "काकूला पाणी पाजून येतो, तेवढा गोंद लाव. नीट, हं!" माझ्या हातून नीट काय होतं? पोळीचासुद्धा नकाशा होतो. तारेपाशी गोंदाचा ढीग झाला, तिथून ओघळत पातळ होत गेला आणि शेवटी पट्टीवर नुसता डाग. आता बोलणी खाणार म्हणून मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. काका पट्टी ओढतायत, ओढतायत, पण तुटेना.

"अगं, कडकाला एकदम मऊ चिकटवत होतो, तेच चुकत होतं माझं! हळूहळू मऊ व्हायला पाहिजे. तुला सुचलं कसं?"

"सुचलं नाही काका, सांडलं."

संध्याकाळी वर घंटी वाजली. काका धावले, मागोमाग मीही. पाणी नको, उशी नको. ते वळले की पुन्हा घंटी. काकू अर्ध्या ओठाने हसत होत्या. "बघ," काका धापा टाकत मला म्हणाले, "बोलत होती तेव्हाही अशीच छळायची!"

काकू जाऊन आता वर्ष होईल. सांधा शाबूत आहे. दुपारची कधी घंटी वाजते. विचारलं तर काका म्हणतात, "तपासत होतो." मी चहा टाकते आणि कप घेऊन जिना चढते.